लांब बोर्डला ढकलू नका, कलवा आणि वाट बघा

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं. या वेळी तिन्ही पत्रं स्नोबोर्डची

प्रश्न : नमस्कार ताई. मी मुलुंडला राहतो, वय ३६, वजन ७४ किलो, बूट यूके ९. दर हिवाळ्यात गुलमर्गला जातो, माझा १५४ सेंटीमीटरचा ऑल माउंटन (सगळीकडे चालणारा) बोर्ड आहे आणि त्यावर मी कुठूनही आरामात खाली येतो. यंदा म्युनिकच्या मावसभावाने त्याचा १६५ चा कार्व्हिंग (कडेवर कलून, न घसरता वळायचा) बोर्ड दिला, साइडकट ११ मीटर, चांगलाच कडक. आणि ताई, हा बोर्ड वळतच नाही हो! जुना कसा, मागचा पाय जरा झटकला की फिरायचा. हा सरळ पळत सुटतो, मग मी घाबरून आडवा घालतो, टो साइडला (बोटांकडच्या कडेवर) कसंबसं जमतं पण हील साइडला (टाचेकडच्या कडेवर) खडखडखड करत घसरतो आणि मी खाली बसतोच. संध्याकाळपर्यंत मांड्या भरून येतात. ग्रुपमधले सगळे म्हणतायत विकून टाक, तुझ्या लेव्हलचा नाहीये. विकू का? की सवय होते? आणि किती दिवसांत?

उत्तर : विकू नका हो, एवढ्यात तर अजिबात नाही. तुमचं वजन, तुमची लेव्हल, बोर्डची लांबी, सगळं एकमेकांना बसतंय. अडलंय ते "मागचा पाय झटकला की फिरायचा" या वाक्यात. लहान, मऊ बोर्डवर बहुतेक सगळे असंच शिकतात, मागचा पाय ढकलायचा, बोर्ड आडवा होतो, घसरतो, स्पीड मरतो. त्याला आपण टर्न म्हणतो पण तो अर्धा ब्रेकच असतो. कार्व्हिंग बोर्डची एज, म्हणजे कडेची पोलादी धार, बर्फ धरून ठेवायला बनवलेली असते, तुम्ही तिला घसरवायला बघता आणि ती सोडत नाही, या ओढाताणीत मांड्यांचा जीव जातो.

कागदावर तुम्हाला फरक ११ सेंटीमीटरचा दिसतोय पण प्रत्यक्षात तो जास्त आहे. ऑल माउंटन बोर्डची नोज (पुढचं टोक) आणि टेल (मागचं टोक) दोन्ही वर वळलेली असतात, तेवढी लांबी बर्फाला लागतच नाही. कार्व्हिंग बोर्डची टेल जवळजवळ सपाट आणि नोज आखूड, म्हणजे जेवढा बोर्ड जवळपास तेवढी एज कामाला. घरी दोन्ही बोर्ड फरशीवर शेजारी ठेवा, नोजकडे बोर्ड जिथे सगळ्यात रुंद आहे तिथपासून टेलकडच्या सगळ्यात रुंद जागेपर्यंत टेप लावा, मग कळेल तुम्ही किती जास्त एजवर उभे आहात ते.

आता साइडकट. ११ मीटर म्हणजे बोर्डच्या बाजूची जी आत गेलेली कमान आहे ती ११ मीटर रेडियसच्या वर्तुळाचा तुकडा. बोर्ड थोडासाच कलवला तर तो साधारण तेवढ्या मोठ्या वर्तुळात जातो, पण जसजसा जास्त कलवाल तसा तो वाकतो आणि वर्तुळ लहान होतं. ४५ अंशाला पावणेआठ मीटरच्या आसपास, ६० अंशाला साडेपाच. म्हणजे हाच बोर्ड निम्म्या जागेत वळू शकतो आणि त्यासाठी पायाने फिरवायची गरजच नाही, फक्त कलवायचा. पण एवढं कलायचं तर स्पीड पाहिजे, नाहीतर माणूस आतल्या बाजूला पडेल ना. १० मीटरच्या वळणात ताशी ३६ किलोमीटरने जाताना शरीर साधारण ४५ अंशात कलतं, आणि पायांवर वजनाच्या १.४ पट भार येतो, तुमचे ७४ किलो तिथे १०४ होतात. या भारानेच कडक बोर्ड वाकतो. हळू चालवलात की तो फळीसारखाच वाटणार, म्हणून अगदी सपाट बिगिनर स्लोपवर त्याची परीक्षा घेऊ नका. आणि तीव्र उतारावर तर आत्ता नकोच, तिथे घाबरून परत मागचा पाय सुरू होईल.

मग कुठे? मध्यम उतार, भरपूर रुंद, सकाळी नुकतं ग्रूम केलेलं, म्हणजे मशीनने सपाट केलेलं. जुना बोर्ड दोन दिवस हॉटेलवरच राहू दे, आलटून पालटून चालवलात तर पाय गोंधळतात.

पहिला सराव असा. स्लोपच्या एका बाजूला उभे राहा, नोज आडवी पण किंचित खाली, बोर्ड सपाट सोडून जरा स्पीड घेऊ द्या. मग फक्त घोटे आणि गुडघे कलवून एज लावा आणि त्यानंतर काहीही करू नका. खांदे फिरवायचे नाहीत, मागचा पाय ढकलायचा नाही, मनात सावकाश एक, दोन, तीन म्हणा. बोर्ड आपोआप वळत वळत स्लोपच्या वरच्या दिशेला चढेल आणि थांबेल. दोन्ही एजवर हे करा, मग दर वेळी नोज थोडी थोडी जास्त खाली ठेवून सुरुवात करा, शेवटी सरळ उताराच्या दिशेने सुटून तिथून एकच पूर्ण वळण आणि थांबा. हे कंटाळवाणं वाटेल, ग्रुप तोवर दोन फेऱ्या मारून येईल, मारू दे.

आणि प्रत्येक वेळी थांबलात की मागे वळून बर्फावरचा माग बघा. खरी शिकवणी तिथे होते. एकच बारीक खोल चर, दोन्ही कडा स्वच्छ, आत सांडलेला बर्फ नाही, म्हणजे एज पूर्ण वेळ धरून होती. सुरुवातीला हात-दीड हात रुंद खरवडलेलं आणि मग चर बारीक झालाय, म्हणजे एज लावताना पाय झटकलात, मग सोडून दिलंत. उलट सुरुवातीला बारीक आणि शेवटी पसरलाय, म्हणजे स्पीड वाढल्यावर घाबरून टेलवर बसलात. मुख्य चराला समांतर आणखी एक खरचटल्याची रेघ दिसली तर मात्र गोष्ट वेगळी आहे, तुमच्या बुटाचा पुढचा किंवा मागचा भाग बर्फाला घासतोय. यूके ९ चा बूट आणि कार्व्हिंग बोर्डची अरुंद कंबर (बोर्डची मधली रुंदी), हे होण्याची शक्यता चांगलीच आहे. यात बोर्ड खडखडत नाही, एज एकदम सुटते आणि माणूस कुल्ह्यावर आदळतो. त्यासाठी बाइंडिंगचे, म्हणजे बूट बोर्डला बांधणाऱ्या पकडींचे, कोन पुढे वळवा. तुमचे बहुतेक अजून १५ आणि उणे १५ असे बदकासारखे असतील, पुढचा २७-३० आणि मागचा १२-१५, दोन्ही नोजकडे, इथपासून सुरू करा. पाय तिरके झाले की बूट कमी बाहेर येतो. एवढं करूनही घासत असेल तर बाइंडिंगखाली रायझर (उंची वाढवणारी जाड पट्टी) टाकायचा.

कोन पुढे वळवल्याने तुमच्या हील साइडलाही मदत होईल, कारण बदकाच्या कोनात छाती बोर्डच्या बाजूला तोंड करून राहते आणि तुम्हाला पुढच्या खांद्यावरून बघत बसावं लागतं. हील साइडची खडखड का होते ते सांगते, बहुतेकांची इथेच चुकते. माणूस कंबरेतून वाकतो, पाय ताठ, ढुंगण बोर्डपासून लांब मागे, आणि वजन मागच्या पायावर. ताठ पायात स्प्रिंग राहत नाही, बर्फावरचा प्रत्येक उंचवटा सरळ बोर्डला धक्का मारतो, एज सुटते, परत धरते, परत सुटते, तो खडखड आवाज त्याचाच. गुडघे आणि घोटे वाकवा, खुर्चीत बसल्यासारखं खाली या पण छाती वर ठेवा आणि नोजच्या दिशेला वळवा. पुढचा हात वळणाच्या दिशेने दाखवा, नजर त्याच्या पुढे. बाइंडिंगच्या हायबॅकला (पोटरीमागच्या उभ्या पाठीला) थोडा फॉरवर्ड लीन द्या, म्हणजे ती पुढे झुकवा, म्हणजे बोटं वर ओढत बसावं लागणार नाही. बूट सैल असेल तर हे सगळं फुकट, टाच आत उचलली जाता कामा नये, दुपारी जेवणानंतर लेस परत आवळा.

टो साइडला "कसंबसं" म्हणता तिथे एकच तपासा. हात बर्फाला लावायचा मोह होतो आणि माणूस कंबरेतून खाली वाकतो. हात राहू द्या, गुडघे बर्फाकडे न्या आणि कंबर पुढे ढकला.

हे सगळं जमल्यावर वळणं जोडायची. वळणाच्या सुरुवातीला वजन किंचित पुढच्या पायावर म्हणजे नोज बर्फात शिरते, मध्यात दोन्ही पायांवर सारखं, संपताना जरासं मागे. एज बदलताना एकदम ताठ उभे राहू नका, गुडघे वाकलेलेच ठेवून बोर्ड पोटाखालून पलीकडे जाऊ द्या. आणि वळण ठरवायचं ते आधी. कसारा घाटात एसटीचा ड्रायव्हर बघा, वळण आल्यावर नाही, त्याच्या आधीच गाडी कुठून घ्यायची ते ठरवून मोकळा झालेला असतो. लांब बोर्डला तसंच आधी सांगावं लागतं, शेवटच्या क्षणी त्याला काही ऐकू येत नाही.

स्पीडची भीती म्हणता ती रास्त आहे. पण कार्व्ह करताना ब्रेक मारायचा नसतो, वळण पूर्ण करायचं असतं. नोज आडवी होऊन थोडी वर चढेपर्यंत एज सोडू नका, चढावर स्पीड आपसूक उतरतो. अर्धं वळण सोडून पुढचं घेतलंत की दर वळणाला स्पीड साचत जातो, तुम्ही म्हणता "पळत सुटतो" ते बहुतेक हेच.

एक गोष्ट मात्र मी हात जोडून सांगते. कार्व्ह करणारा माणूस पूर्ण स्लोप आडवा कापतो आणि वर चढतो, वरून येणाऱ्याला याचा अंदाज येत नाही. आंतरराष्ट्रीय स्की फेडरेशनच्या नियमांत खाली असलेल्याला वाट द्यायची जबाबदारी वरच्याची आहे, पण त्याच नियमांत हेही आहे की सुटताना आणि वरच्या बाजूला वळताना आपण वर-खाली दोन्हीकडे बघायचं. प्रत्येक मोठ्या टर्नच्या आधी खांद्यावरून वर बघा. गुलमर्गच्या खालच्या मैदानात स्लेजवर बसलेली कुटुंबं, लहान मुलं, ओढणारे लोक, सगळे असतात, तिथे हा बोर्ड खांद्यावर घेऊन चाला. हेल्मेट घालत असालच, नसाल तर आजच घ्या.

गुलमर्गचं खरं सांगायचं तर ते पावडरचं (ताज्या भुसभुशीत बर्फाचं) गाव आहे, ग्रूम केलेले स्लोप थोडेच, कोंगडोरीच्या (गोंडोला या केबल कारच्या मधल्या स्टेशनच्या) आसपास आणि खालच्या ड्रॅग लिफ्टला. गोंडोलाच्या फेज टूने अफरवटला ३९०० मीटरच्या वर जाता येतं पण तिथे हा बोर्ड नेऊ नका, आखूड नोज आणि अरुंद बांधा मऊ बर्फात बुडतो, वर हिमस्खलनाचा इलाखा. तिथे तुमचा १५४ च बरा. आणि तारखा फेब्रुवारीच्या घ्या, २०२४ च्या जानेवारीत बराच काळ तिथे नावालाच बर्फ होता आणि आगाऊ बुकिंग केलेले लोक गवत बघून आले. पुढेमागे जॉर्जियातलं गुदौरी किंवा अल्माटीजवळचं शिमबुलाक जमवलंत तर तिथले लांब ग्रूम केलेले स्लोप या बोर्डला जास्त मानवतील.

किती दिवसांत? माझ्या मते नीट सराव केलात तर एका ट्रिपमध्ये टो साइडचा चर स्वच्छ होईल, हील साइड पुढच्या सीझनपर्यंत छळेल. दोन्ही बाजूंचा माग सारखा दिसायला लागला की मग ठरवा विकायचा का. तेव्हा तुम्ही विकणार नाही.

प्रश्न : ताई, मी पार्ल्याची, वजन ५२ किलो, बूट यूके ४. माझा बोर्ड १४६ चा आहे. नवऱ्याने त्याच्यासाठी १६२ चा कार्व्हिंग बोर्ड घेतला आणि म्हणतो तूही हाच वापर, लांब बोर्डवरच खरी मजा. मला तो वाकतच नाही असं वाटतं. तो म्हणतो हिंमत कमी पडते. ऑलिम्पिकला मुली तर यापेक्षा लांब बोर्ड चालवताना दिसतात, मग मला का जमू नये?

उत्तर : हिंमतीचा इथे काही संबंध नाही. बोर्ड वाकवतं ते वजन आणि स्पीड, आणि तुमच्या नवऱ्याच्या वजनासाठी बनवलेला कडक बोर्ड ५२ किलोंनी वाकवायचा तर तुम्हाला त्याच्यापेक्षा खूप जास्त स्पीडने जावं लागेल. शिवाय त्या बोर्डची कंबर त्याच्या बुटाच्या मापाची, तुमचा बूट लहान, म्हणजे एका एजवरून दुसऱ्या एजवर जायला तुम्हाला जास्त जोर आणि जास्त वेळ लागणार. मुलुंडच्या वाचकांना मी थांबा म्हटलं, तुम्हाला म्हणते हा बोर्ड सोडा. लांबी वाढवायची असेल तर जरूर वाढवा, पण तुमच्या वजनाच्या हिशोबाने, १५० ते १५४, मध्यम कडक, कंबर तुमच्या बुटाला शोभेल अशी. बहुतेक कंपन्या बोर्डसोबत वजनाचा तक्ता देतात, त्यात ५२ मध्यावर येईल असा निवडा, अगदी खालच्या टोकाला नको. उंचीवरून बोर्ड मापायची जी पद्धत दुकानात अजून चालते, हनुवटीपर्यंत आला की झाला, ती कार्व्हिंग बोर्डला तर मुळीच धरू नका.

ऑलिम्पिकचं म्हणाल तर तो प्रकारच वेगळा. पॅरलल जायंट स्लॅलमवाल्या (दोघींनी शेजारी-शेजारी खांबांमधून वळत जायच्या शर्यतीच्या) मुली स्कीच्या बुटासारखे प्लास्टिकचे कडक बूट घालतात, बाइंडिंगचे कोन ५०-६० अंशांच्या घरात, बोर्डची कंबर आपल्या बोर्डपेक्षा कितीतरी अरुंद आणि बर्फ दगडासारखा टणक. एस्तर लेडेत्स्काने २०१८ ला प्यॉन्गचांगला स्कीच्या सुपर जी या वेगाच्या शर्यतीत आणि स्नोबोर्डच्या पॅरलल जायंट स्लॅलममध्ये, दोन्हीत सुवर्ण जिंकलं, २०२२ ला बीजिंगला स्नोबोर्डचं परत जिंकलं. तिची धाव जरूर बघा, पण बोर्डच्या लांबीपेक्षा वळणाच्या सुरुवातीला ती कशी शांत असते, एज लावल्यावर वरचं अंग कसं हलत नाही, ते बघा. तेवढं तुमच्या १४६ वर आजही करता येतं, आणि नवऱ्यालाही दाखवा, त्याच्या १६२ वर त्याला तेच लागणार आहे.

प्रश्न : ताई, मी दादरला राहतो, सेकंड इयरला आहे. मनालीला सोलंगमध्ये भाड्याच्या बोर्डवर शिकलो, आता पॉकेटमनी साठवून सेकंडहँड १५९ चा कार्व्हिंग बोर्ड घेतलाय. पण पुढचा बर्फ डिसेंबरात, तोवर मुंबईत काय करू? आणि पावसाळ्यात हा बोर्ड घरात कसा ठेवू, आई म्हणते माळ्यावर टाक.

उत्तर : माळ्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळून टाकलास तर गणपतीत काढशील तेव्हा एजवर तांबडे ठिपके असतील, हे आईला आधी सांग. एज पोलादाची असते आणि दादरची हवा खारट, दमट. आधी बोर्ड कोरडा पुसून बाइंडिंग काढून ठेव, स्क्रू डबीत. एजवर अंगठ्याचं नख आडवं, हलक्या हाताने फिरवून बघ, नखाचा पांढरा कीस निघाला तर धार आहे, नुसतं गुळगुळीत सरकलं तर धार गेलीय. गंजाचे ठिपके असतील तर गमी स्टोनने (गंज घासायच्या रबरासारख्या खड्याने) घासून काढ. मग बेसवर गरम वॅक्स जाड लाव, ते दोन्ही एजवर ओघळू दे आणि खरवडू नकोस, तसंच डिसेंबरपर्यंत राहू दे, हवा लागायला जागाच राहत नाही. धार लावायची घाई आत्ता करू नकोस, जायच्या आधी जाणकाराकडून लावून घे, कार्व्हिंग बोर्डला साइड एज साधारण ८८ अंश लागते आणि ती हाताने अंदाजे येत नाही, मार्गदर्शक पट्टी लागते. सेकंडहँड आहे म्हणून एज कुठे आत दबलीय का, बेसपासून सुटलीय का तेही बघून घे. बोर्ड कापडी कव्हरमध्ये, पलंगाखाली किंवा कपाटामागे आडवा, भिंतीची ओल लागणार नाही असा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या.

सरावाला सर्फस्केट (पुढची चाकं जास्त वळणारा स्केटबोर्ड) मिळाला तर उत्तम, तो पाय न ढकलता कलवून वळतो, आपल्याला हवी ती सवय नेमकी तीच. रविवारी सकाळी लवकर रिकामा, किंचित उताराचा, चांगल्या डांबराचा रस्ता शोध, हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड घालून, आणि मागच्या पायाने ढकलायचा मोह झाला की थांब. घरी भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसणं, एका पायावर हळू खाली-वर होणं, हे आठवड्यातून तीन-चारदा. कार्व्हिंगमध्ये पाय वाकलेल्या अवस्थेत वजनापेक्षा जास्त भार धरून ठेवतात, म्हणून उड्यांपेक्षा ही स्थिर बैठक जास्त कामाची.

मॉलमधल्या स्नो पार्कवर पैसे घालवू नकोस, तिथे खेळायला मजा येते पण वळणाएवढी जागाच नसते. दुबईला कोणी नातेवाईक असतील आणि जाणं होणारच असेल तर मॉल ऑफ द एमिरेट्समधलं स्की दुबई बघ, सगळ्यात लांब स्लोप ४०० मीटरचा आहे, छताखाली. लांब बोर्डला ४०० मीटर म्हणजे मोजकीच वळणं, तरी एज लावून वाट बघायची सवय करायला पुरेत. दुपारनंतर बर्फ खरवडला जातो म्हणून पहिला स्लॉट घे, आणि बोर्ड विमानाने न्यायचा असेल तर तिकीट काढतानाच एअरलाइनला लांबी सांगून खेळाचं सामान म्हणून नोंदव, काउंटरवर जाऊन सांगितलंस तर महागात पडेल.